शॉवरच्या बारीक धारेबद्दल

नमस्कार. आमच्या हॉस्पिटलला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेला ऑनलाइन अभिप्राय वाचला. वडील आजारी असताना आंघोळीवरून तुम्हाला मनस्ताप झाला आणि पहाटे पाचला शेजारच्या खोलीतल्या नळाच्या आवाजाने त्यांची झोप मोडली, याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "शॉवरला धार नाही, हॉस्पिटल पाण्यातसुद्धा कंजूषपणा करतं" हे वाक्य मला फार लागलं. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शॉवरच्या तोंडाला जी पांढरी डबी होती, तो फिल्टर आहे. त्याची छिद्रं ०.२ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्या बारीक छिद्रांतून पाणी यायचं म्हणजे धार कमी होणारच, त्याला माझा इलाज नाही. हा फिल्टर लिजिओनेला नावाचा जिवाणू अडवण्यासाठी लावतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ आली, ३४ जण दगावले, आणि हा जिवाणू सापडायला पुढचं वर्ष उजाडलं. शॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे छातीत जातात, तिथून तो न्यूमोनिया करतो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण वय झालेलं, फुफ्फुसं आधीच थकलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असली, तर जिवावर बेततं. आम्ही फिल्टर अशाच पेशंटच्या खोल्यांत लावतो. तुमच्या वडिलांच्या आजाराबद्दल इथे चारचौघांत काही लिहिणार नाही, पण ती खोली त्यांना विचार करूनच दिली होती.

पहाटेच्या नळाचंही तेच. साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात हा जिवाणू वाढतो. म्हणून टाकीतलं गरम पाणी ६० अंशांवर ठेवतो आणि रिकाम्या खोल्यांचे नळ सोडून पाइपात अडकलेलं पाणी काढून टाकतो. कंजूष असतो तर हे केलं नसतं.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत ते मला लिहावं लागतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाथरूम पुसायला गेल्या तेव्हा फिल्टर खिडकीत काढून ठेवलेला होता. ओला होता, त्यावर पेनाने लिहिलेली तारीख पुसट झाली होती. सिस्टर दोनदा सांगून गेल्या होत्या की डबीला हात लावू नका. तुम्ही वडिलांना नीट आंघोळ घालावी म्हणूनच काढलात, मुलाचा जीव तुटतो हे मला कळतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पाण्याचा नमुना तपासायला दिला, तर त्याचा रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागतात. आजार मात्र २ ते १४ दिवसांत कधीही डोकं वर काढू शकतो. म्हणून डिस्चार्जनंतर दोन आठवडे आमच्याकडून फोन येत होते, ताप आहे का, खोकला वाढला का, एवढंच विचारायला. त्याला तुम्ही "घरी गेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत" असं म्हटलंत. पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि वडिलांना काही झालं नाही, हे कळलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

चूक आमचीही आहे. नुसतं "हात लावू नका" म्हणून भागत नाही, कारण सांगायला हवं होतं. बाथरूमच्या दारावर साध्या भाषेत पाटी लावतोय. नळ सोडायची वेळ थोडी पुढे नेता येते का तेही बघतो. शॉवरऐवजी अंग पुसून देण्याची सोय आधीपासून आहेच, पुढच्या वेळी सिस्टर ती आपणहून सुचवतील.

तारा एकच ठेवलात तरी माझी तक्रार नाही. फक्त तो "कंजूष" शब्द काढता आला तर बघा.