प्रशिक्षणाला कोण रिकामे आहे?

मार्चअखेरीच्या बिलांची धावपळ चालू असते आणि नेमके तेव्हाच बांधकाम खात्याच्या मंडळ कार्यालयाचे पत्र येते: 'गुणनियंत्रण' विषयावरील प्रशिक्षणासाठी आपल्या उपविभागातून एक नाव तात्काळ कळवावे. उपअभियंता साहेब, गोंधळून जाऊ नका. आधी एक पथ्य पाळा, पत्रातला विषय वाचू नका. विषय वाचला की ते काम कोण करतो हे आठवते, आणि तो तर साइटवर असतो. एप्रिल-मे म्हणजे डांबराचे दिवस. त्याला सोडायचा कसा?

सोडायचा तो ज्याच्या टेबलावर फाइल नाही. असा एक सज्जन प्रत्येक उपविभागात असतो. शाळेत घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लिहून टाकली, त्यातलाच हा एक. एक तारखेचा जन्म, म्हणजे निवृत्ती आदल्या दिवशी, यंदाच्या 31 मेला. त्याला पाठवा. प्रशिक्षण नाशिकला असते, तिथे हवा चांगली, त्र्यंबकेश्वरही जवळ आहे. तो जे शिकून येईल ते वापरायला त्याला जेमतेम पंधरा दिवस उरतील, त्यामुळे कार्यालयाच्या कामात व्यत्यय येण्याचा धोका नाही.

शिकवून काम करून घेण्याची खोड तशी जुनी आहे. 1854 साली डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले आणि त्याच वर्षी पुण्यात या कामांवरच्या दुय्यम अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वर्ग काढला गेला. त्याचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. तिथे शिकून विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या खात्यात लागले आणि 1903 साली खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून मोकळे झाले. शिकलेला माणूस कामावर ठेवला की असे काहीतरी होते. तेव्हा जपून.

ज्यांना नाशिक जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी कर्मचाऱ्यांना शिकवणाऱ्या 'कर्मयोगी' संकेतस्थळाचे ऑनलाइन वर्ग आहेत. व्हिडिओ लावावा, आवाज बंद करावा, मोजमाप पुस्तिका भरायला घ्यावी. शेवटचे प्रश्न शेजारच्या स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाकडून सोडवून घ्यावेत. प्रमाणपत्र मात्र आपल्या नावाचेच येते, हे महत्त्वाचे.

आता प्रशिक्षणात काय शिकवतात ते ऐकून ठेवा, म्हणजे टाळता येईल. खड्डा घ्या. ते सांगतात, खड्डा आधी मोठा करा! कडा ढासळलेल्या असतात, म्हणून घट्ट थर लागेपर्यंत चौकोनी आखून उभ्या कापा. आतली माती, सुटी खडी, पाणी काढा, ब्रशने झाडा. तळाला आणि कडांना टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात, मारा. मग मिश्रण थरांनी भरा, प्रत्येक थर ठोका, आणि वरचा थर किंचित उंच ठेवा, कारण वाहतुकीखाली तो आणखी दबणार असतो. एवढा उपद्व्याप कोण करणार? आपली रीत सुटसुटीत आहे. खड्ड्यात पाणी असेल तर असू द्या, डंपरमधून दोन फावडी टाका, डंपरचेच चाक फिरवा, फोटो काढा. फोटो मात्र लगेच काढा. दुसऱ्या पावसात चाकाखालचे पाणी दाबाने खडी उपसून काढते आणि खड्डा पूर्ववत होतो. पुन्हा अंदाजपत्रक करायला मोजमापे तयारच असतात.

थर्मामीटर हा दुसरा त्रास. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान 140 अंश गरम हवे आणि 90 च्या खाली जायच्या आत रोलिंग संपायला हवे, असे रस्ते मंत्रालयाची विनिर्देश पुस्तिका म्हणते. हॉटमिक्स प्लांट घाटाखाली, काम घाटावर, डंपरवर ताडपत्री नाही आणि रोलरवाला जेवायला गेलेला. अशा वेळी थर्मामीटर बाहेर काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःवर खुलासा ओढवून घेणे. तो पेटीतच राहू द्या. काळा रंग थंड मिश्रणालाही तितकाच येतो. फक्त ते दबत नाही, आत पोकळ्या राहतात आणि पोकळीत पाणी जाते. पण हे दिसते पावसाळ्यात, आणि बदल्या होतात त्याच्या आधी.

काँक्रीटच्या बाबतीत प्रशिक्षणवाले फारच कंजूष. पाणी-सिमेंट प्रमाण 0.55 म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर, आणि त्यातूनही वाळूतला ओलावा वजा करायचा! मिस्त्रीला विचारा, एवढ्यात काँक्रीट घमेल्यातून तरी सुटेल का? तो बादलीने ओततो आणि माल कसा सरसर पसरतो. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक छिद्रे ठेवून जाते. या छिद्रांची वाच्यता ताकद तपासायला प्रयोगशाळेत पाठवायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत होऊ नये यासाठी एक जुना उपाय आहे. 15 सेंटिमीटरचे ठोकळे खुशाल साच्यात तीन थरांनी, प्रत्येक थराला 35 ठोसे देऊन, नियमाप्रमाणेच भरा. फक्त त्यातला माल वेगळा कालवा. दुसऱ्या दिवशी साचा सोडून 28 दिवस पाण्याच्या टाकीत ठेवा. स्लॅबवर पाणी मारायला टँकर मिळत नसला तरी ठोकळ्यांची आबाळ होता कामा नये. प्रयोगशाळेत स्लॅब जात नाही, ठोकळे जातात.

पुलांची पाहणी जीपमधून करावी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, गाड्यांसकट माणसे गेली, आणि त्यानंतर पूल पाहा, पूल पाहा असा घोषा सुरू झाला. पाहा की. पण पुलाचे दुखणे खाली असते. पायाभोवतीची माती किती खरवडली गेली, दगडी सांध्यातला चुना कुठे धुऊन गेला, पिंपळाचे रोप कोणत्या कमानीत मूळ धरते आहे, हे बघायचे तर काठीला धरून नदीपात्रात उतरावे लागते. जीपच्या खिडकीतून कठडा दिसतो. कठड्याला पिवळा-काळा रंग द्यावा.

राहता राहिला मैलकामगार. त्याला कुठल्याच प्रशिक्षणाला पाठवायचे नाही, हे सांगायची गरज नाही, कारण तसे पत्रच येत नाही. फावडे, घमेले आणि रस्ता त्याच्याकडे. रस्त्याविषयीचे सगळे ज्ञान आपल्याकडे. मेच्या अखेरीस त्याला मोऱ्यांतला गाळ काढायला आणि बाजूपट्टीवर मुरूम टाकायला लावा. मुरूम डांबराच्या पातळीपेक्षा चार बोटे उंच झाला तरी चालेल, घमेली मोजली की झाले. तो मात्र घमेले खाली ठेवून विचारेल, "साहेब, रस्त्याचा उतार तर बाहेर दिलाय. मग हे पाणी अडलं ना, ते जाणार कुठून?"

त्याला सांगा, त्या विषयाचे प्रशिक्षण घेतलेले भाऊसाहेब परवाच निवृत्त झाले.