बेकारांची डोकी मोजून आलेला पैसा

माझा अर्ज एका स्वल्पविरामामुळे फेटाळला गेला. यात अतिशयोक्ती नाही. व्यवसायाच्या नावापुढे ‘एलएलसी’ (म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी) लिहिताना मध्ये स्वल्पविराम द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या पोटापाण्याशी येऊन भिडेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु माझ्या नोंदणीच्या कागदावर तो होता, कराच्या कागदावर नव्हता, आणि महासाथीत छोट्या व्यवसायांना मदत देणाऱ्या एका सरकारी कार्यालयाच्या पोर्टलने ‘नाव जुळत नाही’ असा लाल अक्षरांतला शेरा मारून मला तीन वेळा परत पाठवले. चौथ्या वेळी विजेचे बिल चालले नाही, कारण मी ज्या भाड्याच्या स्वयंपाकघरात पोळी-भाजीचे डबे करीत असे, तिथले बिल मालकाच्या नावावर येते. मालकाचे पत्र आणून जोडेपर्यंत तीन आठवडे गेले आणि निधी संपल्याचा दोन ओळींचा ईमेल आला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण मागे देशात ठेवून आलो असे मानणारे माझ्यासारखे भोळे लोक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनमध्ये पुष्कळ आहेत.

२१ मार्च २०२० रोजी न्यू जर्सीत घरी थांबण्याचा आदेश निघाला, तेव्हा माझे रोजचे साठ डबे आठवड्याभरात नऊवर आले. ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि वर्ष संपेपर्यंत तो बेकारांच्या यादीतच होता. ही घरगुती माहिती सहानुभूतीसाठी दिलेली नाही. पुढच्या हिशेबात ती लागते.

११ मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सही केलेल्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने राज्ये, काउंटी, शहरे आदींना मिळून ३५० अब्ज डॉलर दिले. त्यातील १९५.३ अब्ज राज्यांच्या वाट्याचे होते. त्यांपैकी २५.५ अब्ज पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांच्यात सारखे वाटले, म्हणजे प्रत्येकाला अर्धा अब्ज. उरलेल्या रकमेतील जवळजवळ सगळी २०२० च्या शेवटच्या तीन महिन्यांत कोणत्या राज्यात किती लोक बेकार होते, त्या प्रमाणात दिली गेली. न्यू जर्सीला मिळालेल्या सुमारे ६.२ अब्ज डॉलरचा मोठा भाग आला तो असा, बेकारांची डोकी मोजून. त्या मोजणीत माझ्या नवऱ्याचेही एक डोके होते. नव्वद लाखांहून थोड्या अधिक वस्तीच्या या राज्यात ती रक्कम माणशी सुमारे ६७० डॉलर पडते. तेवढे पैसे प्रत्येकाच्या हातावर ठेवावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्यांच्या नावाने जोगवा मागितला, त्यांना त्या परडीत काय पडले हे विचारण्याचा हक्क असतो, आणि विचारायला गेले की समोर येतो तो एक शब्दप्रयोग: ‘महसुलातील तूट’.

या शब्दप्रयोगाइतकी लवचीक वस्तू मी स्वयंपाकघरातही पाहिलेली नाही. राज्याला हा पैसा ज्या कामांसाठी वापरता येतो त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे, अडचणीत आलेली कुटुंबे आणि व्यवसाय आहेत, धोका पत्करून काम करणाऱ्यांचा वाढीव पगार आहे, पाणी, सांडपाणी आणि ब्रॉडबँड आहे. आणि त्यांच्या शेजारी गुपचूप उभी आहे ही तूट. तूट मोजायची कशी? महासाथीपूर्वीच्या शेवटच्या आर्थिक वर्षातले उत्पन्न घ्यायचे, ते दर वर्षी ५.२ टक्क्यांनी वाढले असते असे धरायचे, आणि प्रत्यक्षातले उत्पन्न त्या कल्पित आकड्याहून कमी भरले की मधले अंतर म्हणजे तूट. अर्थात राज्याचे उत्पन्न तीन टक्क्यांनी वाढले तरी ते कागदोपत्री तोट्यात असू शकते! एकदा तूट सिद्ध झाली की तेवढी रक्कम ‘सरकारी सेवा पुरवणे’ या नावाखाली खर्चता येते. केंद्राला पाठवायच्या अहवालात त्यासाठी ६.१ असा खर्चाचा प्रकारच आहे. सरकारी सेवा म्हणजे काय, तर सरकार जे जे करते ते सगळे. मोजके अपवाद वगळता, म्हणजे निवृत्तिवेतन निधीत भर घालणे किंवा आपले कर्ज फेडणे असे काही सोडता, मोकळे रान.

माझे साठ डबे दर वर्षी ५.२ टक्क्यांनी वाढले असते असे गृहीत धरून कोणी माझी तूट काढली असती, तर मी त्याच्या घरी जन्मभर पुरणपोळ्या पोहोचवल्या असत्या. माझ्याकडे मात्र प्रत्यक्ष उत्पन्नाचा पुरावा मागितला गेला, महिनावार, बँकेच्या उताऱ्यासह, आणि त्यावरील नावात स्वल्पविराम नको होता.

या राज्याला खरोखरच तूट होती का, हे पाहायला फार खोल जावे लागत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात राज्य बुडणार असे हाकारे घातले गेले. ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ९.९ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज काढण्यास परवानगी दिली, आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर मर्फी यांच्या सरकारने सुमारे ४.३ अब्ज उभे केले. ते रोखे मुदतीपूर्वी फेडता येणार नाहीत अशा अटीवर काढले गेले. पुढच्याच वर्षी महसूल अपेक्षेपेक्षा भरघोस आला, वर हे ६.२ अब्ज आले, आणि जून २०२१ च्या अर्थसंकल्पात सरकारने जुनी कर्जे फेडण्यासाठी व नवी टाळण्यासाठी ३.७ अब्जांचा वेगळा निधी बाजूला काढला. एका हाताने फेडता न येणारे कर्ज काढायचे, दुसऱ्या हाताने दुसरी कर्जे फेडायची, आणि तिसरा हात (सरकारला तो असतोच) केंद्राच्या ताटात घालायचा. माझ्या आजीने असा संसार करणाऱ्या सुनेला सरळ माहेरी पाठवले असते.

सगळे पैसे पाण्यात गेले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये घरभाडे थकलेल्यांना घराबाहेर काढले जाऊ नये म्हणून ५० कोटी आणि वीज, गॅस, पाण्याच्या थकीत बिलांसाठी २५ कोटी डॉलर ठेवले गेले. आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांचे डोक्यावरचे छप्पर भाड्याच्या मदतीमुळे टिकले, हे मी पाहिलेले आहे. पैसा माणसापर्यंत पोहोचवता येतो, याचा तो पुरावा आहे, आणि माझा राग त्यामुळेच अधिक आहे. कारण जमत नाही ही सबब मग उरत नाही.

जमवायचेच नसले की काय होते, ते पाहायचे असेल तर ‘एक्स्क्लूडेड न्यू जर्सीयन्स फंड’ पाहावा. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना केंद्राचे मदतीचे धनादेश मिळाले नाहीत, बेकारी भत्ताही मिळाला नाही. ज्या भाड्याच्या स्वयंपाकघरात मी काम करीत असे, तिथल्या भांडी घासणाऱ्या, भाज्या चिरणाऱ्या, रात्री फरशी पुसणाऱ्या बायका त्यांतल्याच. त्यांच्यासाठी मे २०२१ मध्ये सरकारने आधीच्या, म्हणजे २०२० च्या केअर्स कायद्यातून आलेल्या पैशातले ४ कोटी डॉलर जाहीर केले. एका व्यक्तीला २,००० आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ४,०००. त्या पैशाची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपणार हे सर्वांना ठाऊक होते. तरीही अर्ज घेणे सुरू झाले ते ऑक्टोबरच्या अखेरीस. दोन महिन्यांत, रोखीने पगार मिळणाऱ्या, भाड्याच्या खोलीत तिघी-चौघी मिळून राहणाऱ्या बाईने ओळख, पत्ता, उत्पन्न आणि महासाथीने झालेले नुकसान हे सगळे कागदाने सिद्ध करायचे. कागद नाहीत म्हणून जिला वगळले होते, तिला मदत देण्यासाठी कागद मागायचे! मुदत संपली आणि जानेवारीत उघड झाले की ४ कोटींपैकी ३.४ कोटी सरकारने परस्पर आपल्याच इतर खर्चांकडे वळवले. ओरड झाल्यावर नव्या निधीतून भरपाई करून रक्कम वाढवली गेली, हेही नोंदवते. परंतु वरातीमागून आलेल्या घोड्याचे कौतुक कोणी करायचे?

आणि त्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, बातमी आली की गव्हर्नर आणि इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आठ नव्या एसयूव्ही गाड्या घेण्यास याच मदतनिधीतले ५,२१,७८३ डॉलर योजले गेले. ६.२ अब्जांपुढे ही रक्कम चिल्लर आहे, हे मला कळते. पण २,००० डॉलरच्या दराने ती दोनशे साठ माणसांची मदत होते, आणि त्या दोनशे साठ जणांनी किती कागद चिकटवले असते याचा मी मनातल्या मनात हिशेब करते. गाड्यांसाठी कोणी कोणाचे विजेचे बिल मागितले होते?

हे फक्त आमच्याच राज्याचे पाप नाही. अलाबामाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या वाट्याच्या सुमारे २.१ अब्जांतले ४० कोटी डॉलर नवे तुरुंग बांधण्याला दिले. फ्लोरिडाने केंद्राच्या निधीवर मिळालेल्या व्याजातून १.२ कोटी डॉलर स्थलांतरितांना राज्याबाहेर नेऊन सोडण्यासाठी ठेवले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासमधून जवळपास पन्नास माणसे विमानाने मार्थाज व्हिनियार्ड बेटावर नेऊन उतरवली. तुरुंग आणि विमान यांचा विषाणूशी संबंध कोणता, हे मला कोणी समजावून सांगावे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढेच त्याचे उत्तर असेल तर कायद्याच्या नावातून ‘रेस्क्यू’ हा शब्द काढून टाकावा.

माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर मेन्लो पार्कचे निवृत्त सैनिकांचे सरकारी निवासगृह आहे. ते आणि पॅरामसचे अशा दोन निवासगृहांत मिळून दोनशेहून अधिक माणसे या साथीत गेली, आणि तिथली व्यवस्था रहिवाशांच्या घटनात्मक हक्कांचा भंग करणारी होती, असे केंद्राच्या न्याय खात्याने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात लिहिले. त्या फाटकावरून जाताना ‘खर्चाचा प्रकार ६.१’ हे शब्द आठवले की घशाशी काहीतरी येते.

वाटप ठरते कसे, ते तरी पाहता यावे. राज्याची राजधानी ट्रेन्टनमध्ये अर्थसंकल्प जूनच्या शेवटच्या दिवसांत, शेकडो पानांचे विधेयक छापून शाई वाळायच्या आत मंजूर होतो. शेवटच्या रात्री कोणत्या आमदाराच्या गावाला काय मिळाले हे पत्रकार दुसऱ्या दिवशी शोधत बसतात. मधल्या काळातली मोठी वाटपे विधिमंडळाच्या सहा जणांच्या संयुक्त अर्थसंकल्प देखरेख समितीपुढे जातात. सहा जण! माझ्या स्वल्पविरामावर किती जणांनी डोके चालवले ते मला माहीत नाही, पण फोनवर मी त्यांतल्या पाच वेगवेगळ्या लोकांशी बोलले, आणि पाचही जणांनी मला पाच वेगवेगळे फॉर्म सांगितले. निधीतली प्रत्येक रक्कम ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कोणत्या तरी कामाला बांधायची होती आणि २०२६ च्या अखेरपर्यंत खर्चायची आहे. सरकारला मुदत वर्षांची, आणि मला कागद दुरुस्त करण्यासाठी दहा दिवसांची.

व्यवसाय मी बंद केला नाही. डबे आता चाळीसवर आले आहेत, नवऱ्यालाही नोकरी लागली आहे. दर वर्षी एलएलसीचा वार्षिक अहवाल भरून ७५ डॉलर शुल्क राज्याला द्यावे लागते, आणि ते मी नोंदणीच्या कागदावरच्या नावाने, स्वल्पविरामासकट भरते. पैसे घेताना तो आजवर एकदाही कोणाच्या डोळ्यांत खुपलेला नाही.