'बाइट' रद्दीत?

आज एका कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर 'बाइट' या अमेरिकी कॉम्प्युटर मासिकाचे बांधीव खंड टेम्पोत फेकताना पाहिले. विचारलं, तर उत्तर काय? "कोण वाचतं हो आता, सगळं नेटवर आहे." तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे, १९७५ ते १९९८! मायक्रोकॉम्प्युटर जसा वाढला तसा महिन्यामहिन्याला त्या पानांत उतरला. ऑगस्ट १९८१चा अख्खा अंक स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवर, मुखपृष्ठावर रॉबर्ट टिनीने रंगवलेला तो फुगा. पोरांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे स्वतंत्र 'वस्तू' जोडून प्रोग्रॅम बांधणं, शिकवता ना? मग ते कुठून आलं हे दाखवायला आणखी काय आहे तुमच्याकडे?

मी मासिकांवरच शिकलो. माझा मावसभाऊ, आमचा दादा, मासिकात छापलेला बेसिक भाषेतला प्रोग्रॅम मोठ्यांदा वाचायचा आणि मी टाइप करायचो. डेटाच्या, म्हणजे नुसत्या आकड्यांच्या ओळी तर पाढे म्हटल्यासारख्या म्हणायचा. एकदा विमानाचं चित्र काढणारा प्रोग्रॅम रन केला, तर स्क्रीनवर 'आउट ऑफ डेटा', म्हणजे आकडे कमी पडले. छापणाऱ्यांनीच एक आकडा खाल्ला होता! चौकटीच्या वहीत सगळं मांडलं. प्रत्येक ओळीत आठ आकडे, एकीत सात. विमानाचे दोन्ही पंख सारखे, म्हणून गळलेला आकडा सापडला. पुढच्या अंकात दुरुस्ती आली, तोच आकडा. दादाचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

हो, स्कॅन मिळतात, मान्य. परदेशी अंक परवडायचे नाहीत, हेही मान्य. पण स्कॅन शोधायला आधी नाव तरी माहीत हवं! कपाटासमोर नुसत्या उभ्या राहिलेल्या पोराला न शोधलेलं सापडतं. १९९१मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' या प्रोग्रॅमरांच्या मासिकाने ३८६ चिपच्या पीसीवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी आणायची याची लेखमाला सुरू केली, महिनोन्महिने, कोडसकट. आपल्याकडे इंटरनेट धड नव्हतं तेव्हा 'पीसी क्वेस्ट' मासिकाच्या सीडीवरून लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घराघरांत पोचली. हे सगळं किलोच्या भावाने?

आमच्या ऑफिसातली नवी मुलं हुशार आहेत, माझ्याहून हुशार. त्यांच्यावर राग नाहीच. पण कोड उचलतात, चिकटवतात, चाललं की पुढे जातात. ओळीत सातच आकडे का, हे मोजत बसायला त्यांना कुणी वेळच दिलेला नाही. छापलेलंही चुकू शकतं आणि ते आपल्याला दुरुस्त करता येतं, हा भरवसा मला त्या विमानाने दिला.

ग्रंथपालांनो, जागा नसेल तर नसेल. पण टेम्पो बोलावण्याआधी दारावर एक कागद तरी चिकटवा, 'हवे त्यांनी न्यावेत' म्हणून. आम्ही येऊ, स्वतःच्या खर्चाने येऊ.