वॅटच्या पेटंटचं घोडं अडलं कुठे?

पेटंटांवरच्या माझ्या लिखाणावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पेटंटांचे आकडे देऊन मी अर्थव्यवस्थांची प्रगती मोजली. वॅटच्या पेटंटने वाफेचं इंजिन तीस वर्षं रोखलं. सबब पेटंट पद्धतच मोडीत काढावी.

पहिल्यात चूक माझीच. अर्ज अनुदानासाठी टाकले जातात, बढतीसाठीही. संख्येपेक्षा नूतनीकरण बघायला हवं होतं. बहुतेक देशांत पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक काळाने शुल्क भरावं लागतं आणि ते चढत जातं. ज्यातून काही सुटत नाही, ते पेटंट मालक स्वतःच सोडून देतो. विसाव्या वर्षापर्यंत टिकलेली मोजली की फुगवटा बराच उतरतो.

आता वॅट. पेटंट १७६९चं, १७७५मध्ये ब्रिटिश संसदेने ते १८००पर्यंत वाढवलं. न्यूकमेनच्या जुन्या इंजिनात सिलिंडरमध्येच पाणी मारून वाफ थंड करत, त्यामुळे दर फेरीला तो पुन्हा तापवण्यात कोळसा जायचा. वॅटने वाफ थंड करायचं भांडं वेगळं काढलं. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. इथवर सौदा चोख होता. बिघडला तो मुदतवाढीने आणि सैल शब्दांनी. पेटंट एका यंत्रापुरतं नव्हतं, वाफ आणि इंधन वाचवण्याच्या 'पद्धती'वर होतं. त्याच्या धाकाने हॉर्नब्लोअर या प्रतिस्पर्धी अभियंत्याचं दोन सिलिंडरांचं इंजिन फारसं पसरलंच नाही. गंमत म्हणजे वॅटही असाच अडकला: दांड्याच्या पुढेमागे हालचालीने चाक फिरवणाऱ्या क्रँकचं पेटंट १७८०मध्ये पिकार्ड नावाच्या माणसाने घेतलं होतं, म्हणून चाक फिरवायला त्याला एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरवण्याची जोडणी करावी लागली.

हे दुखणं आजही दाव्याच्या, म्हणजे क्लेमच्या शब्दांतच असतं. पेटंटमध्ये नेमकं काय आपलं, ते हा दावा सांगतो. समजा, आपोआप मिटणारं झाकण आहे. 'स्टीलच्या स्प्रिंगने मिटणारं' असं लिहिलं तर स्पर्धक रबरी पट्टी लावतो आणि बहुधा सुटतो. 'स्थितिस्थापक भागाने मिटणारं' लिहिलं तर रबर, प्लास्टिक सगळं आत येतं. पण रबराने मिटणारं झाकण कुठल्याही जुन्या कागदात सापडलं की नावीन्य संपलं, दावा बाद. म्हणून मुरलेला वकील पहिला दावा रुंद लिहितो आणि त्याखाली पायरीपायरीने अरुंद करत नेतो. वरचा पडला तरी खालचा उभा राहतो. परीक्षक ढिला असेल तर मात्र वरचाही तसाच मंजूर होतो, आणि तुम्ही म्हणता ती अडवणूक तिथे सुरू होते. तेव्हा बोट ठेवायचं तर तपासणीवर आणि मुदतवाढीवर ठेवा.

राहिला तिसरा आक्षेप. पेटंट नसेल तर शोधणारा गुपिताकडे वळतो, आणि गुपित सगळीकडे टिकत नाही. विकलेलं यंत्र कुणीही उघडून बघतो. भट्टीचं तापमान आणि मिश्रणाचं प्रमाण कारखान्याच्या आत राहतं. एकोणिसाव्या शतकातल्या जागतिक प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूंचा अर्थशास्त्रज्ञ पेट्रा मोझर यांनी अभ्यास केला. पेटंट कायदा नसलेल्या देशांतही नवं घडतच होतं, हा तुमचा मुद्दा त्यातून खरा ठरतो. पण ते वैज्ञानिक उपकरणं आणि अन्नप्रक्रिया अशा मोजक्या, गुपित राखता येणाऱ्या धंद्यांत एकवटलं होतं. यंत्रनिर्मितीच्या वाट्याला त्यातलं थोडंच येत होतं.