रोब्रेडो यांचं मोजमाप कशानं करायचं?

सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्समधल्या नागा शहराचे महापौर आणि पुढे देशाचे मंत्री झालेले जेसी रोब्रेडो यांच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की मी एका राजकारण्याची आरती ओवाळली. नातेवाइकाच्या वशिल्यानं आलेला माणूस, चपला घालून चिखल उपसतानाचे फोटो, मंत्री झाल्यावर निष्प्रभ, आणि मागून पत्नीही राजकारणात. मग कौतुक कसलं, असा तुमचा प्रश्न. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९८८ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी ते नागा शहराचे महापौर झाले, तेव्हा नात्यातले लुईस व्हिलाफुएर्ते यांचं पाठबळ त्यांना होतं. कामारिनेस सुर प्रांतात त्या घराण्याचा शब्द चाले. पण खुर्चीवर बसल्यावर रोब्रेडो यांनी काय केलं तेही बघा. पालिकेतली भरती आणि बढती गुणवत्तेवर आणली, कर्मचाऱ्यांची कुवत तपासून कामं नव्यानं वाटली. वशिल्याचा आरोप ज्याच्यावर होतो, त्यानं सुरुवातच वशिला मोडण्यापासून केली. पुढे व्हिलाफुएर्तेंशी त्यांचं बिनसलं, ते कायमचंच.

फोटोंचं म्हणाल, तर त्यांना मीही फार किंमत देत नाही. साधेपणा हा स्वभाव झाला, कारभार नव्हे. मी त्यांना मानतो ते १९९५ च्या एका शहर-अध्यादेशासाठी, आणि त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही.

फिलिपिन्समधल्या महापौराच्या हातात प्रत्यक्ष कारभार असतो. आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवले तर जेवढा अधिकार होईल, साधारण तेवढा. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्यानं तो आणखी वाढला. त्याच कायद्यानं स्वयंसेवी संस्था आणि लोकसंघटनांना स्थानिक मंडळांवर जागा द्यायला सांगितलं होतं. १९९५ च्या त्या अध्यादेशानं नागानं त्यापुढे पाऊल टाकलं. शहरातल्या मान्यताप्राप्त संघटनांची मिळून नागा शहर लोकपरिषद उभी राहिली. तिचे प्रतिनिधी नगर परिषदेच्या समित्यांवर बसतात, चर्चेत बोलतात आणि समितीच्या पातळीवर मतही देतात. शिवाय हे प्रतिनिधी संघटना स्वतः निवडतात, महापौर नेमत नाही. बहुमत हाती असलेला माणूस आपल्याच अधिकारात भागीदार आणून बसवतो आणि ते अध्यादेशात लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन बदललं तरी सहज फिरवता येऊ नये. असं किती सत्ताधारी करतात, तुम्हीच सांगा.

झोपडवस्त्यांचा प्रश्नही याच वळणानं हाताळला गेला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'कान्ताबाय सा काउस्वागान' योजनेत जमीनमालक, वस्तीतले लोक आणि पालिका एकत्र बसत. कुठे जमिनीची अदलाबदल, कुठे थेट खरेदी. बुलडोझर घेऊन जाण्याऐवजी सौदा जुळवायचा आणि राहणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळवून द्यायचा. तिथे शहरांची श्रेणी उत्पन्नावरून ठरते, आणि १९९० पर्यंत नागा पुन्हा पहिल्या श्रेणीचं शहर झालं होतं. २००० साली रोब्रेडो यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये आपल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाला होता, तोच हा विभाग.

आता मंत्रिपद. मनिलातल्या बस-ओलीस प्रकरणात, २३ ऑगस्ट २०१० ला, हाँगकाँगचे आठ पर्यटक मारले गेले. पोलिस गृह आणि स्थानिक शासन खात्यात येत, आणि त्या खात्याचे मंत्री रोब्रेडो होते. म्हणून त्यांना जाब विचारणं योग्यच. पण पद स्वीकारून त्यांना दोन महिनेही झाले नव्हते, आणि पोलिसांची जबाबदारी आपण उपमंत्र्यांकडे दिली होती, हे राष्ट्राध्यक्ष अकिनोंनी स्वतःच सांगितलं. त्याच महिन्यात रोब्रेडो यांच्या खात्यानं स्थानिक संस्थांना अंदाजपत्रक आणि खरेदीचे तपशील जाहीर करण्याचा आदेश काढला. मग अशा संस्थांसाठी चोख कारभाराचं प्रशस्तिचिन्ह आणि त्याला जोडून निधी आला. याला तुम्ही निष्प्रभ म्हणता! नेमणुका मंजूर करणाऱ्या संसदीय आयोगानं मात्र दोन वर्षं त्यांना अडकवून ठेवलं. १८ ऑगस्ट २०१२ ला सेबूहून नागाला घरी जाताना मास्बातेजवळ त्यांचं छोटं विमान समुद्रात कोसळलं, तेव्हाही ती मंजुरी आलेली नव्हती. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

राहिला घराणेशाहीचा मुद्दा. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई आहे, पण घराणं कशाला म्हणायचं हे ठरवणारा सर्वसाधारण कायदा संसदेनं केलेला नाही. त्यामुळे तुमची चीड मला समजते. तरीही क्रम नीट लावा. पती हयात असताना लेनी रोब्रेडो निवडणुकीला उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या गरिबांचे खटले लढणाऱ्या वकील होत्या. २०१३ मध्ये त्या काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आल्या त्या व्हिलाफुएर्ते घराण्याच्याच उमेदवाराला हरवून. पुढे त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, २०२२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्या आणि २०२५ मध्ये नागाच्या महापौर म्हणून निवडून आल्या. त्यांच्या मुदतीत लोकपरिषदेचे अधिकार आटले, तर तुमचा आक्षेप त्यांच्या बाबतीत मी मान्य करीन. जेसी रोब्रेडो यांच्या एकोणीस वर्षांच्या महापौरपदावर मात्र तो लागू होत नाही.