पहिला घाणा, चव सांगा

चकलीचा पहिला घाणा उतरला की बोलावल्याशिवाय चार हात पुढे येतात. कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशिनला चालवता येईल असा करून देणाऱ्या साधनाचं, तसं नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत नवा जीसीसी, म्हणजे तिथला सी भाषेचा कंपायलर, आधी ‘एक्सपेरिमेंटल’ या प्रयोगाच्या भांडारात चढवायचा, लोकांनी वापरून कुरकुर करायची, मग तो ‘अनस्टेबल’ या पुढच्या भांडारात न्यायचा, असा रिवाज. पण पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या ॲप्टच्या लेखी एक्सपेरिमेंटलला प्राधान्य फक्त १, म्हणजे जवळजवळ तळाचं. सहसा ‘-टी एक्सपेरिमेंटल’ असं काही लिहून मुद्दाम मागावं लागतं. म्हणजे “या, चाखून सांगा” म्हणायचं आणि डबा माळ्यावर ठेवायचा!

नावातही खोड आहे. चाचणी आवृत्तीला ‘१४.१आरसी१’ म्हटलं की डीपीकेजी हा डेबियनचा पॅकेज सांभाळणारा प्रोग्राम तिला खऱ्या १४.१ पेक्षा थोरली मानतो, आणि पक्की आवृत्ती आली तरी लोकांची मशिनं चाचणीलाच चिकटून बसतात. म्हणून मध्ये टिल्ड घालायचा: १४.१~आरसी१. हे नागमोडी चिन्ह ‘पुढे काहीच नाही’ यापेक्षाही खालचं धरलं जातं. इतका कमीपणा घेणारं दुसरं कुणी मी तरी पाहिलेलं नाही. ते विसरलं तर बहुधा इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी लागणारा जादा आकडा, लावावा लागतो, आणि तो एकदा चिकटला की सुटत नाही.

एवढं करून पहिला अभिप्राय येतो: “मस्त! काहीच अडचण नाही.” इथे मला घाम फुटतो. जीसीसी-१४ बसवला म्हणून नुसती ‘जीसीसी’ ही आज्ञा बदलत नाही; ती म्हणजे खऱ्या कंपायलरकडे बोट दाखवणारी सिमलिंक, दुसऱ्या पॅकेजची, आणि १४ नवा होता तेव्हा ती १३ कडेच बोट दाखवत होती. गृहस्थांनी जुन्याच कंपायलरला शाबासकी दिलेली असते. कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारं ‘सीसी=जीसीसी-१४’ द्या हो, आणि सी++ भाषा असेल तर तसंच सीएक्सएक्सही.

खरी गोम मात्र न ओरडणाऱ्या बिघाडात. जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर १३ नुसती ताकीद द्यायचा. १४ ने तीच गोष्ट कंपायल थांबवणारी चूक ठरवली. ‘मेन’ या मुख्य फंक्शनच्या आधी ‘इंट’ हा प्रकार लिहिला नाही तरी तेच. मशिनवर कोणत्या सोयी आहेत ते बिल्डआधी तपासणाऱ्या जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांतले चिमुकले चाचणी-प्रोग्राम नेमके असेच लिहिलेले. ते कंपायल झाले नाहीत की स्क्रिप्ट समजते, ही सोय या मशिनवर नाहीच. मुकाट्याने ‘नो’ छापून पुढे जाते, पॅकेज बिनतक्रार बांधलं जातं, फक्त एक सोय गळालेली. त्यामुळे “बिल्ड झालं” हा निरोप मी अर्धाच धरतो. त्या तपासणीचे निकाल कॉन्फिग.एच फायलीत उतरतात; दोन्ही कंपायलरांखाली तयार झालेल्या या फायली, फरक दाखवणाऱ्या डिफने ताडून बघा.

आणि कंपायलरच कोसळला तर स्क्रीनचा तिरका फोटो नको. ‘-व्ही’चं आउटपुट, पूर्ण आज्ञा आणि ‘-सेव्ह-टेम्प्स’ने निघालेली फाईल द्या. ती लाखभर ओळींची असली तर सी-वाइज हा प्रोग्राम, बिघाड कायम ठेवून, ती कातरत नेतो. त्याला सोबत तपासणीची छोटी स्क्रिप्ट लागते, आणि तिच्यात नेमका तोच एरर ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधायचा. नुसतं ‘कंपायल होत नाही’ एवढंच तपासलंत, तर सी-वाइज इमानेइतबारे खपून शेवटी एक न मिटलेला कंस हातावर ठेवतो. कंपायल होत नाही, हे खरंच.