उठून जाणारे सगळेच कंटाळलेले नसतात

संथ आणि क्रूर गुन्हेपट आपल्या प्रेक्षकाला झेपत नाहीत, तो कंटाळून मध्येच उठतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला अर्धेच पटले. गेल्या आषाढात कुडाळजवळ एका स्नेह्यांच्या पडवीत आम्ही दहाबारा जणांनी बाँग जून-हो यांचा २००३ सालचा 'मेमरीज ऑफ मर्डर' हा कोरियन चित्रपट पाहिला. तासाभरात तिघे उठले हे खरे. पण त्यांतल्या एक काकू, पोलीस एका गतिमंद तरुणाला लाथा घालतात ते बघवेना म्हणून आत गेल्या आणि शेवटपर्यंत दाराआडून ऐकत राहिल्या. याला कंटाळा म्हणावे काय?

रात्ररात्र दशावतार पाहणाऱ्या माणसांना संथपणाचे वावडे आहे, असे म्हणणे धाडसाचेच. फरक इतकाच की तिथे पहाटेपर्यंत असुराचा वध होणार हे ठाऊक असते, तर इथे खुनी सापडतच नाही. चित्रपटातले खून पावसाळी रात्री होतात आणि आमच्या पन्हळीतूनही धो धो पाणी कोसळत होते, त्यामुळे अखेरीस, खुनांचा तपास केलेला आणि आता पोलिसात नसलेला नायक थेट आपल्याकडे रोखून पाहतो तेव्हा दिवा लावायला कोणीच उठले नाही. चित्रपट ज्यावर बेतला आहे त्या खऱ्या प्रकरणातील, म्हणजे १९८६ ते १९९१ मधील, खुनांचा माग डीएनएवरून २०१९ मध्ये लागला आणि गुन्हेगार दुसऱ्याच खुनासाठी आधीपासून तुरुंगात होता, हे मी सांगितल्यावर काकूंनी एवढेच विचारले, "मग मार खाल्लेल्यांचे काय?"